घरी इंजिनकाम केल्यावर ऑइलमध्ये पाणी: हेड पुन्हा उघडण्याआधीच्या तपासण्या

धायरीला माझं गॅरेज आहे, दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढं. सिंहगड रोड, नऱ्हे, वडगाव या भागातली बरीच मुलं हल्ली स्वतःची गाडी स्वतः उघडतात. नाना पेठेतून गॅसकेट सेट आणायचा, शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्याच्याखाली गॅसकेटचा पातळ थर बसतो) उतरवायचं, रविवारी संध्याकाळी गाडी चालू करायची. मला या मुलांचं कौतुक आहे. हात काळे केल्याशिवाय गाडी कळत नाही. पण त्यांच्यापैकी अनेकांचा चार-आठ दिवसांनी फोन येतो, "काका, ऑइल पांढरं झालंय. हेड गॅसकेट परत गेलं वाटतं. आज रात्री उघडून टाकू का?"

उघडू नकोस, असंच मी प्रत्येकाला सांगतो. आधी एवढं शोधून काढ की ऑइलमधलं पाणी जुनं आहे की नवं. हेड उचलताना चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, सांडलेलं पाणी आणि आज कुठून तरी झिरपणारं पाणी डिपस्टिकवर सारखंच दिसतं. हा फरक न करता हेड दुसऱ्यांदा उघडलं की नवं गॅसकेट वाया जातं, बोल्ट वाया जातात, आणि खरा दोष दुसरीकडे असला तर तिसऱ्यांदा उघडायची पाळी येते. कूलंटला गॅरेजमध्ये आम्ही पाणीच म्हणतो, इथेही तसंच म्हणतोय.

लक्षणं

डिपस्टिकवर ऑइल नाचणीच्या आंबिलीसारखं दिसतं: दाट, करडं-तपकिरी, बोटांत चोळलं तर बुळबुळीत पण ऑइलचा तलमपणा नसलेलं. ऑइल न घालता त्याची पातळी वरच्या खुणेच्या वर गेलेली असते. हे लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ऑइल आपोआप वाढत नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर साफ होताना थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वाढू शकते, पण ते ऑइल पातळ होतं आणि डिझेलचा वास मारतं. दुधाळ होत नाही.

कूलंटच्या बाटलीतली पातळी रोज थोडी उतरते आणि गाडीखाली मात्र थेंब दिसत नाही. कधी त्या बाटलीत वर तेलाचा तवंग किंवा तपकिरी साय दिसते. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पुण्यातल्या सगळ्याच गाड्या पाच मिनिटं वाफ सोडतात, ती वेगळी. गावात तापमानाचा काटा जागेवर राहतो आणि कात्रजचा किंवा दिवे घाट चढताना वर जातो, हेही पुष्कळदा ऐकायला मिळतं.

यातलं शेवटचं लक्षण म्हणजे ऑइलचा लाल दिवा लुकलुकणं किंवा इंजिनमधून खालून ठोके येणं. ते दिसलं किंवा ऐकू आलं की पुढचं काहीही करू नका. गाडी बंद करा आणि थेट शेवटी 'कुठे थांबायचं' तिथे जा.

दुधाळ ऑइल दिसल्यापासून गाडी चालवायची नाही. "फक्त गॅरेजपर्यंत" सुद्धा नाही. क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की तो थर तुटतो आणि धातू धातूला घासतो. त्यात कूलंटमधलं ग्लायकॉल गरम ऑइलशी मिसळून चिकट गाळ बनवतं, आणि तो बारीक वाटांमध्ये अडकतो. गॅसकेटचा खर्च परवडतो, क्रँकचा परवडत नाही.

पहिली तपासणी: झाकण आणि डिपस्टिक, दोन्ही बघा

खर्च शून्य. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी साय आहे, पण डिपस्टिक स्वच्छ आहे, ऑइलची पातळी बरोबर आहे आणि बाटलीतलं पाणीही कमी झालेलं नाही, तर बहुतेक वेळा तो हवेतला ओलावा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोज घर ते ऑफिस तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हे नेहमी होतं. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि थंड झाकणावर जमते. झाकण पुसा, मोकळ्या रस्त्यावर खेड शिवापूरपर्यंत सलग जाऊन या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. साय आली नाही तर विषय संपला.

डिपस्टिकच दुधाळ असेल तर हा प्रयोग करायचा नाही.

दुसरी: स्वतःला तीन प्रश्न विचारा

हेड उचलण्याआधी ब्लॉकमधलं (हेडखालच्या मुख्य ओतीव भागातलं) पाणी काढलं होतं का? हेड बसवल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला का? काम झाल्यावर प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतलं का?

रेडिएटरचा खालचा पाइप काढला म्हणजे सगळं पाणी गेलं, असं पुष्कळांना वाटतं. जात नाही. सिलिंडरभोवतीच्या पोकळीत पाणी उरतंच. हेड उचललं की ते सिलिंडरमध्ये आणि ऑइल परत जायच्या भोकांतून सरळ चेंबरमध्ये उतरतं. मागच्या पावसाळ्यात एका मुलाची जुनी छोटी पेट्रोल गाडी टोचन करून आली. त्याने हेडचं फेसिंग (मशीनवर तळ सपाट करणं) करून घेतलं होतं, बोल्ट क्रमाने आवळले होते, सगळं नीट. फक्त ऑइल जुनंच ठेवलं होतं, कारण ते महिन्यापूर्वीच घातलेलं नवं ऑइल होतं. त्याने दुसरं गॅसकेटही आणून ठेवलं होतं. मी त्याला हेडला हात लावू दिला नाही. आधी ऑइल काढलं. ट्रेमध्ये पहिला पेलाभर हिरवं पाणी पडलं, मग आंबील. दोनदा ऑइल-फिल्टर बदलला, आणि ती गाडी तेव्हापासून त्याच गॅसकेटवर चालते आहे.

म्हणून मी या प्रश्नांवर एवढा अडून बसतो. घरी केलेल्या कामानंतर ऑइल दुधाळ होण्याचं सगळ्यात स्वस्त कारण हेच आहे, आणि सगळ्यात कमी लोक तेच तपासतात.

तिसरी: तापल्या पळीवर थेंब

ऑइलमध्ये पाणी आहे की नाही अशी शंका असेल, रंग जेमतेम बदललेला असेल, तर एक जुनी स्टीलची पळी गॅलरीत शेगडीवर चांगली तापवा, आच बंद करा आणि डिपस्टिकवरचा एक थेंब तिच्यावर सोडा. स्वच्छ ऑइल नुसतं पसरतं आणि धुरकटतं. पाणी असेल तर तडतडतं, फोडणीत मोहरी तडतडावी तसं. चष्मा घाला, एकाच थेंबावर थांबा, आणि ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. ही तपासणी पाणी आहे एवढंच सांगते, ते कुठून आलं हे सांगत नाही.

चौथी: ऑइल बदला आणि रात्रभर थांबा

जुनं की नवं याचा निकाल इथे लागतो. दुधाळ ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला, योग्य ग्रेडचं पण साधं स्वस्त ऑइल भरा. इंजिन दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालवा, रेस करू नका. तेही काढून टाका. हे दुसरं ऑइल थोडं गढूळ निघेल. आत चिकटलेला गाळ त्यात आलेला असतो, त्याने घाबरू नका. पुन्हा फिल्टर, पुन्हा ऑइल. काहीजण इथे डिझेल ओतून इंजिन धुतात. मी करत नाही. डिझेलला बेअरिंग सांभाळण्याची ताकद नाही, आणि ते पूर्ण निघतही नाही.

कूलंटच्या बाटलीवर आजच्या पातळीशी चिकटपट्टी लावा, तिच्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा. इंजिन काट्याच्या मध्यापर्यंत तापू द्या, पंखा एक-दोनदा लागू द्या, बंद करा आणि रात्रभर हात लावू नका.

सकाळी इंजिन चालू न करता गाडीखाली स्वच्छ काचेची बरणी धरा आणि चेंबरचा नट अगदी हलकेच सैल करा, पहिले चार-पाच चमचे येतील इतकाच. पाणी ऑइलपेक्षा जड असतं, त्यामुळे रात्रभरात जे सुटं पाणी झिरपलं असेल ते तळाशी, नटाच्या तोंडाशी येऊन बसतं. बरणी उजेडात धरा. तळाला हिरवा किंवा लाल थर, वर काळपट ऑइल आणि मधे स्पष्ट रेघ, असं दिसलं तर पाणी नवं आहे, गळती चालू आहे. नुसतं मधासारखं ऑइल आलं तर नट आवळा, तेवढंच ऑइल वरून भरा आणि आणखी दोन रात्री हेच करा. तीनही सकाळी बरणी स्वच्छ असेल आणि चिकटपट्टीपासून पाणी हललं नसेल, तर तुमचं पाणी जुनं होतं.

गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा. आणि काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका. ते गोड लागतं, पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते पितात आणि मरतात.

पाचवी: बाटलीत तेल आहे का?

पाणी नवं ठरलं, तर आता ते कुठून येतंय ते शोधायचं. इथेही एक फुकटची खूण आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. पाण्याचा दाब रेडिएटरच्या झाकणावर ठरतो, साधारण एक बारच्या आसपास. ऑइलचा दाब चालत्या इंजिनात त्याच्या दुप्पट-तिप्पट जातो. म्हणून दाबाखालच्या ऑइलच्या वाटेत आणि पाण्याच्या वाटेत भोक पडलं, तर गाडी चालताना ऑइल पाण्यात घुसतं. गाडी बंद केली की ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो, पण तापलेलं पाणी अजून दाबाखालीच असतं. मग उलटं होतं, पाणी ऑइलमध्ये येतं. म्हणजे बाटलीत तेलकट साय आणि चेंबरमध्ये पाणी अशी दोन्ही लक्षणं एकत्र असतील, तर संशय आधी ऑइल कूलरवर घ्यायचा, मग गॅसकेटमधल्या ऑइल चढण्याच्या वाटेवर.

बाटली स्वच्छ आणि फक्त ऑइलमध्ये पाणी असेल, तर पाणी अशा जागी पडतंय जिथे ऑइलला दाबच नाही: ऑइल परत उतरण्याची भोकं, टायमिंग कव्हरमधून (टायमिंग चेनवरच्या झाकणातून) पाण्याची वाट जात असेल तर ते कव्हर, ओले लायनर (ज्यांना बाहेरून थेट पाणी लागतं अशी सिलिंडरची नळकांडी) असलेल्या इंजिनात लायनरखालची रबरी रिंग, किंवा सिलिंडरमधून पिस्टनच्या रिंगच्या बाजूने खाली. हा काही अटळ नियम नाही, पण पहिलं बोट कुठे ठेवायचं ते यावरून कळतं.

टायमिंग कव्हर तुम्ही काढलं असेल तर एक गोष्ट आठवून बघा. त्याचे बोल्ट बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण कव्हर दाबलंच जात नाही.

सहावी: ऑइल कूलर

बऱ्याच डिझेल गाड्यांत आणि काही पेट्रोल गाड्यांत ऑइल फिल्टरच्या हाउसिंगला छोटा कूलर लावलेला असतो, एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने पाणी. मधे रबरी सील. फिल्टर बदलताना किंवा हेडचं काम करताना हे हाउसिंग निघतं, आणि परत लावताना जुनंच सील बसवलं जातं कारण ते "चांगलं दिसत होतं". उष्णतेने रबर कडक आणि चपटं झालेलं असतं. एकदा सुटलं की ते पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही.

हेड उघडण्याआधी हा कूलर काढून बघा. नखाने सील दाबा: दबून वर आलं तर जिवंत आहे, नखाची खूण तशीच राहिली तर मेलेलं आहे. कूलर स्वतः फुटलाय का हे रेडिएटरवाल्याकडे बघून घ्या. तो एक तोंड बंद करून दुसरीकडून हवा भरतो आणि कूलर पाण्याच्या टबात बुडवतो. बुडबुडे आले की निकाल लागला. एका डिझेल हॅचबॅकचं हेड मालकाने दोनदा उघडलं होतं. दोष त्या छोट्या रबरी रिंगेत होता.

सातवी: पाण्याला दाब द्या

रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसणारा हातपंप मिळतो, भाड्यानेही मिळतो. इंजिन पूर्ण थंड असताना तो लावायचा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरायची. जास्त भरली तर चांगले पाइपही फुटतात. पंधरा मिनिटं पंपाचा काटा जागेवर राहिला पाहिजे. उतरला आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर पाणी आत जातंय.

माझी पद्धत अशी: ऑइल काढून टाकायचं, चेंबरचा नट उघडा ठेवायचा, खाली पांढरा कागद पसरायचा आणि दाब देऊन अर्धा तास सोडून द्यायचं. कागदावर हिरवा थेंब पडला की दुसरा पुरावा लागत नाही. पेट्रोल गाडी असेल तर सगळे प्लग काढून तेही बघा. एका सिलिंडरचा प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा लख्ख असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जळतंय.

आठवी: कॉम्प्रेशन आणि निळं पाणी

शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) कमी आलं तर बहुधा त्यांच्या मधलं गॅसकेट गेलंय. रेडिएटरच्या तोंडावर धरायच्या तपासणीच्या नळीतलं निळं पाणी (हे कूलंट नव्हे, तपासणीचं रसायन) पिवळं झालं तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतोय. पण दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या म्हणून गॅसकेट निर्दोष ठरत नाही. पाण्याची वाट आणि ऑइलची वाट यांच्यामधे गॅसकेट फुटलं असेल, तर सिलिंडरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता हेड उघडायचंच असेल तर

ब्लॉकमधलं पाणी या वेळी नीट काढा. हेड थंड असतानाच, आवळण्याच्या उलट क्रमाने, थोडं थोडं करत बोल्ट सैल करा. उघडल्यावर सगळ्यात आधी जुनं गॅसकेट बघा, पुसू नका. पाणी गेलेल्या वाटेवर डाग, गंजाची रेघ किंवा धुतल्यासारखा पट्टा असतो. गॅसकेट उलटं तर बसलं नव्हतं ना, ऑइल चढायचं भोक जुळतंय ना, हेही तेव्हाच बघा.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. मर्यादा तुमच्या इंजिनच्या पुस्तकात असते. पुष्कळ छोट्या पेट्रोल इंजिनांत ती ०.०५ मिमी असते, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलेल्या गाडीत अॅल्युमिनियम हेडला पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडलेले असतात. त्यांच्यावर कुठलंही गॅसकेट टिकत नाही, फेसिंगच करावं लागतं. ड्रिलला घासणारी चकती लावून हेड साफ करू नका. ती खोलगट चट्टे पाडते, आणि तिचा कठीण बारीक चुरा ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खातो.

बोल्टच्या भोकांबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. ती बहुधा तळाला बंद असतात. हेड उचलताना त्यात पाणी-ऑइल उतरतं आणि वरून दिसत नाही. पाणी दाबलं जात नाही. बोल्ट आत गेला की खाली पाणी, वर पोलाद, आणि मधे ओतीव ब्लॉक. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरावर आवळणारा पाना) 'कट' आवाज करतो, आपल्याला वाटतं आवळलं, पण हेड दाबलं गेलेलंच नसतं. कधी ब्लॉकच तडकतो. मी असा तडकलेला ब्लॉक पाहिलाय. भोकाच्या कडेपासून पाण्याच्या वाटेपर्यंत केसाएवढी रेघ, नखाला लागायची. गाडी कॉलेजच्या एका मुलाची होती, बापाने हौसेने दिलेली. त्या गाडीला दुसरं इंजिन बघावं लागलं. प्रत्येक भोकात कापसाची वात घालून ती कोरडी बाहेर येईपर्यंत पुसा, चष्मा लावून हवा मारा, आटे साफ करा.

अंशांत फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. ते एकदाच वापरायचे, नवेच घ्यायचे. पत्र्याच्या थरांच्या गॅसकेटला पुस्तकात सांगितलं नसेल तर सीलंट लावू नका.

गळती बंद करायची पावडर किंवा बाटली या दोषावर घालू नका. ती रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्यांत बसते, आणि मूळ भोक तसंच राहतं.

कुठे थांबायचं

इंजिन स्टार्टरने फिरत नसेल, 'टक' होऊन अडत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं. धक्का मारू नका, गिअरमध्ये ढकलू नका. कनेक्टिंग रॉड वाकतो. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला पूर आला आणि २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा उभ्या-उभ्या बुडालेल्या कितीतरी गाड्या लोकांनी दुसऱ्या दिवशी चावी फिरवून बघितल्या. बुडालेली गाडी कधीच चालू करू नका. ती सरळ उचलून न्यायची.

ऑइलचा दिवा लागला असेल किंवा ठोके येत असतील, तर काम बेअरिंगपर्यंत गेलंय आणि ते पार्किंगमध्ये होत नाही. दाब उतरतोय पण कूलर चांगला, गॅसकेट चांगलं, हेड सपाट, असं असेल तर तडा शोधावा लागेल. त्यासाठी हेड गरम करून दाबाने तपासणारं मशीन शॉप हवं, तसली वर्कशॉप भोसरी-चिंचवडकडे आहेत. टॉर्क पाना नसेल किंवा तुमच्या इंजिनचे टॉर्कचे आकडे हातात नसतील, तर हेड बसवायला घेऊ नका. हेड उतरवताना टायमिंग चेन सुटली असेल आणि खुणा लावलेल्या नसतील, तरीही थांबा. गाडी वॉरंटीत असेल तर सुरुवातच करू नका.

मिस्त्रीकडे गाडी फ्लॅटबेडवर न्या. जाताना ती बरणी, काढलेलं गॅसकेट, बोल्ट आणि चिकटपट्टीवरच्या नोंदी बरोबर न्या. काय काय केलंत ते लपवू नका. कुठला बोल्ट जुना वापरला, कुठे सीलंट लावलं, हे कळलं की आमचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे.

दुरुस्त झाल्यावर

पहिलं ऑइल दोन-तीनशे किलोमीटरवर फिल्टरसकट बदला, आंबील झालेली नसली तरी. पाण्यात तेल गेलं असेल तर रेडिएटर साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा. तेलाने फुगलेले पाइप बदलून टाका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा आणि हवा नीट काढा, नाहीतर पहिल्याच घाटात काटा वर जाईल. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

माझ्या गॅरेजच्या खिडकीत औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची एक रांग आहे. या दोषाच्या प्रत्येक गाडीच्या ऑइलचा नमुना त्यात आहे, वर तारीख आणि किलोमीटर. दुरुस्तीनंतर पन्नास किलोमीटरला एक नमुना, पाचशेला दुसरा. तुम्हीही तेवढे दोन घ्या, शेजारी शेजारी ठेवा आणि आठवडाभर हलवू नका. दोन्ही बाटल्यांच्या तळाशी रेघ दिसली नाही, की मगच गाडी घाटात न्या.